ई-क्लासच्या ठरावावरची पहिली सही

आमच्या गावात सह्या आधी आणि सभा मागून, ही रीत माझीच. शाळेत नोकरीला होतो तेव्हा ग्रामसभेचं इतिवृत्त मी लिहायचो. चहा झाला की लोक चपला शोधायला लागतात, म्हणून रजिस्टर आधीच फिरवायला लावलं. कोऱ्या पानावर सह्या, मग चहा, मग चर्चा, आणि ठराव सावकाश वर लिहायचा. मला या हुशारीचं फार कौतुक होतं. निवृत्त झालो तरी पहिली सही गुरुजींची, हा मान गावानं ठेवला आणि मीही तो कधी सोडला नाही.

बायको गेली त्याला आता चौथं वर्ष. संध्याकाळ एकट्यानं कशी काढायची, ते मला येत नव्हतं. टीव्ही लावला की घर जास्तच रिकामं वाटायचं. मग पाचच्या सुमारास अंजनगावच्या रस्त्यानं चालत ई-क्लासवर जाऊन एका दगडावर बसायचो. ई-क्लास म्हणजे सरकारी कागदावर गुरांच्या चराईसाठी राखून ठेवलेली, सगळ्या गावाची जमीन. चार पळस, काही हिवर, बोरीची झुडपं, कधी रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप. बघायला येण्यासारखं तिथं काही नाही.

तिथं ढोरकी भेटायचा. गावाची गुरं चारणारा, माझ्याच वयाचा. परतताना माझ्या दगडापाशी तो थांबायचा, की मागोमाग गुरंही थांबायची. तंबाखू मळता मळता तो कुठल्या गाईचं काय दुखतंय ते सांगायचा. अर्धा तास जायचा. दिवसभरात माणसाशी माझं तेवढंच बोलणं व्हायचं, हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी ई-क्लासची अर्धी जमीन चराईतून काढून सौर प्रकल्पाला द्यायची बोलणी सुरू झाली. गावात दोन तट पडले. संत्र्याच्या बगीच्यांना रात्री पाणी द्यायला जाणारी तरुण मंडळी म्हणत, "दिवसा लाइन पायजे, गुरुजी. रात्री सापाच्या तोंडी आमी जातो, तुमी नाही." त्यांचं खोटं नव्हतं. पण पडीत म्हणून जी जमीन ते दाखवत होते, ती पडीत नव्हती. तिच्यावर साठ-सत्तर गुरं जगत होती.

सभा ठेवली दुपारी बाराला. ढोरकी आदल्या संध्याकाळी म्हणाला, "ढोरं टाकून मी कसा येऊ? माह्याकून तुमी बोलजा. तुमचं आयकतात."

मी बोललो. चांगला वीस मिनिटं बोललो. राखलेली जमीन एकदा कमी झाली की पुन्हा वाढत नाही, हे खडसावून सांगितलं. दोघांनी मान हलवली, सरपंचांनी हात जोडले. ग्रामसेवक म्हणाले, "गुरुजी, तुमचा मुद्दा नोंदवतो." संध्याकाळी दगडावर बसून मी ढोरक्याला सगळं रंगवून सांगितलं. तो इतका खूश झाला की त्यानं डबीतली सगळी तंबाखू माझ्या हातावर ओतली. मी तंबाखू खात नाही.

आठवड्यानं ठरावाची प्रत ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. 'सर्वानुमते मंजूर.' खाली सह्या, आणि सगळ्यात वर माझी, वळणदार, पूर्ण नावासकट. सभेला गेल्या गेल्या, खुर्चीवर बसायच्या आधी मी ती ठोकली होती. सवयीनं. पान कोरं होतं.

तहसीलला हरकत घेऊन गेलो. तिथल्या बाबूनं प्रत उलटून माझ्याकडे केली. "सही तुमचीच हाय ना?"

"माझीच."

"मग हरकत कायची घेऊन राहिले?"

रीत माझी, हस्ताक्षर माझं. लोकांनी मला फसवलं असं म्हणायलाही जागा ठेवली नव्हती.

ढोरक्याला फळ्यावरचं कुणीतरी वाचून दाखवलं असणार. तो थांबायचा बंद झाला. हिवाळ्यात खांब आले, तारेचं कुंपण झालं, निम्मी जमीन आत गेली. नेमका माझा दगड बाहेर राहिला. मी जात राहिलो. आज ना उद्या तो विचारेल, मग सगळं सांगू, असं रोज मनात जुळवून बसायचो. तो कुंपणाच्या कडेनं मान खाली घालून निघून जायचा. इतकं एकटं मला बायको गेली तेव्हाही वाटलं नव्हतं.

परवा तो माझ्यासमोर येऊन उभा राहिला. मी म्हटलं, "अरे, ती सही मी—"

"ते मले मालूम हाय," तो म्हणाला. "गुरुजी, तुमी उद्यापासून अथी बसू नका."

"कावून?" इतक्या वर्षांत त्याची बोली माझ्या तोंडी पहिल्यांदाच आली.

"ढोरायले सवय हाय. तुमी दिसले का थांबतात. हाकलली तरी हालत नाहीत. आता चारा दूर हाय, मले थांबणं पुरत नाही."

मी उठलो, धोतर झटकलं. त्याच्या मागे गुरं थांबलेलीच होती.