मार्लिसची चूल

शेड डेल किन्नुनेनची. खांब रोवून, पत्रे ठोकून त्यानेच उभारलेली. आतली वल्ही आणि उलट्या टाकलेल्या होड्याही त्याच्याच हातच्या. पण कोपऱ्यातल्या लोखंडी चुलीला त्याने हात लावला की त्याची बायको मार्लिस ओरडायची, "तू राहू दे. तू पेटवलीस की नुसता धूर." आणि खरोखरच धूर व्हायचा. सुपीरियर सरोवरावरून वारा सुटला की इथे बर्फ खिडकीपर्यंत चढतं, आणि गारठलेल्या बोटांत रंधा राहत नाही. म्हणून रोज सकाळी आधी मार्लिस शेडमध्ये जायची. खाली बर्चची साल, वर ढलप्या, त्यावर मेपलची फाटी असं रचून पेटवायची आणि शेड कामाजोगी झाली की त्याला हाक मारायची. लग्न झाल्यापासून हे असंच चाललं होतं. त्याबद्दल डेलने कधी कौतुकाचा शब्द काढला नाही. इथले पुरुष काढत नाहीत, आणि वर त्याचाच अभिमान बाळगतात.

मग मार्लिस विसरायला लागली. आधी नावं, मग रस्ते, मग स्वतःचं घर. घरात असली की घटकेघटकेला कोट चढवून दाराशी उभी राहायची, "मला घरी सोड ना." शेडमध्ये मात्र सीडरच्या लाकडाच्या वासात, रंध्याची खरखर ऐकत ती शांत बसायची. चुलीत लाकूड सारायची, हात शेकायची. म्हणून डेल तिला दिवसभर तिथेच घेऊन बसे. गेल्या हिवाळ्याच्या शेवटी तिने चुलीत लाकूड घातलं आणि दार लावायची विसरली. निखारा भुशात पडला. डेलने तो बुटांनी तुडवून विझवला, पण त्याची पँट जळाली, आणि ती नेमकी मुलीच्या नजरेला पडली.

"बाबा, यंदा ती चूल पेटली तर आईला मी शहरातल्या वृद्धाश्रमात ठेवणार," ट्रिना म्हणाली. "विसरणाऱ्यांसाठी वेगळा मजला आहे तिथे."

"दाराला कुलूप असतं त्या मजल्याच्या."

"असतंच. असायलाच हवं."

"तिथे ती चार दिवस टिकायची नाही, ट्रिना."

"आणि इथे जळून गेली तर?"

डेल उठून बाहेर गेला आणि फोडायची गरज नसलेली लाकडं फोडत बसला.

बर्फाच्या आत शेडसाठी दुसरी ऊब शोधायची होती. कोणाला हात लावता येणार नाही अशी, आणि जिची मार्लिसला भीती वाटणार नाही अशी. या गावात शेड गरम कशी ठेवावी यावर माणसं जेवढी हिरिरीने भांडतात, तेवढी निवडणुकीवरही भांडत नाहीत. डेलने बियाण्याच्या दुकानात, कॉफीच्या टेबलावर विषय काढला मात्र, वेलदोड्याच्या पावाचे तुकडे हातातच राहिले.

"रॉकेलवरचा भोंग्यासारखा हीटर घे," एक जण म्हणाला. "पाच मिनिटांत भट्टी होते शेडची."

"हो, आणि दारं लावून त्या विषारी धुरात दोघं झोपा कायमची!" शेजारच्या शेताचा बड हीक्किला त्याच्यावर खेकसला. "कोणाला काय सांगतोस रे येड्या?"

"मग तुझ्यासारखा बिनधुराड्याचा गॅस-हीटर घेऊ का?" डेलने विचारलं.

"घे की. आंघोळीची सोय होईल. गॅसची वाफ गार पत्र्याला लागते आणि टपटप डोक्यावर. माझ्या सगळ्या करवती गंजल्या. बायको म्हणते, शेडमध्ये जाताना छत्री ने."

सगळे हसले. मग कोणीतरी म्हणालं, "खरी मजा कोब्यात पुरलेल्या नळ्यांतून फिरणाऱ्या गरम पाण्याची. ना आवाज, ना जाळ." आणि सगळे आपापल्या कपात बघायला लागले. त्या नळ्या कोबा ओतायच्या आधी अंथराव्या लागतात, आणि टेबलावरच्या निम्म्या लोकांनी त्या अंथरल्या नव्हत्या. डेलनेही नाही. तेव्हा मार्लिसने सांगितलं होतं, "आत्ताच टाकून घे, म्हातारपणी पाय गार पडतात." तो म्हणाला होता, "शेड आहे ती, झोपायची खोली नाही." आता कोबा फोडायचा तर सगळी शेड उपसायची, आणि हिवाळा तर दारात येऊन उभा.

बडने त्याला आपल्या मेव्हण्याच्या गॅरेजमधला छताला टांगलेला पंख्याचा हीटर दाखवला. डेलने मुद्दाम मार्लिसला बरोबर नेलं. यंत्र धाडकन सुरू झालं, गरम वारा सुटला आणि मार्लिस किंचाळून गाडीमागे जाऊन बसली. डेल तिच्याशेजारी जमिनीवर बसून राहिला. "बंद कर रे ते," तो बडला म्हणाला. त्याचा आवाज ऐकून बडने थट्टा केली नाही.

उरला एकच. छताखाली आडवी लांब लोखंडी नळी. गॅस तिच्या आत जळतो, धूर भिंतीतून बाहेर जातो, आणि नळी तापून खालच्या माणसाला उन्हासारखी शेकते. आवाज जवळजवळ नाही, हात तिथवर पोचत नाही. डेलने तीच बसवून घेतली. ट्रिनाही येऊन बघून गेली आणि पहिल्यांदाच तिचा चेहरा सैलावला. "पण चूल काढायची," ती म्हणाली. "ती असेपर्यंत आई पेटवणार."

चूल न्यायला बड आला, तेव्हा मार्लिस चुलीला पाठ लावून उभी राहिली. तिने दोन्ही हात मागे नेऊन लोखंड धरलं होतं. ओरडली नाही, रडली नाही. "नाही," एवढंच म्हणत राहिली. डेलने बडकडे पाहिलं. बडने धुराडं तेवढं उतरवलं, पत्र्यातलं भोक बुजवलं आणि निघून गेला. त्या दिवशी डेलने घरातल्या आणि शेडमधल्या सगळ्या काड्यापेट्या गोळा करून बडच्या घरी नेऊन ठेवल्या.

"बाबा, तू कोणाला फसवतोयस?" चूल अजून शेडमध्येच आहे हे कळल्यावर ट्रिनाने फोनवर विचारलं. डेल म्हणाला, "मला माहीत नाही." खरंच त्याला माहीत नव्हतं.

थंडी पडली. डेलने सकाळी नळी चालू केली आणि शेड हळूहळू उबदार झाली. त्याचे हात मोकळे झाले, वल्ह्यावर रंधा छान चालायला लागला. मार्लिस मात्र बसली नाही. बाहेरच्या ढिगातून एकेक करून लाकडं आणत राहिली. बर्चची साल खाली, वर ढलप्या, त्यावर मेपल. ते मात्र बोटं विसरली नव्हती. मग तिने काड्यापेटीसाठी फळी चाचपली, पुन्हा चाचपली. डेलचा रंधा थांबला. आता ती रडणार, कोट चढवून दाराशी जाणार, याची तो वाट बघत राहिला.

पण तिने चुलीचं दार लावून घेतलं, या वेळी न विसरता. वरून ऊब येतच होती. तिने हात पुढे केले, बोटं हलवली आणि तिचा चेहरा उजळला.

"पेटली," ती म्हणाली.

डेलला हायसं वाटलं. आता हा हिवाळा ती इथेच, त्याच्याजवळ काढणार. त्याने रंधा खाली ठेवला आणि तिच्याकडे गेला. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं, दाराशी आलेल्या अनोळखी माणसाकडे बघावं तसं, अदबीने.

"थंडीतून आलात ना? बसा," ती म्हणाली आणि स्टूल त्याच्याकडे सरकवलं. "माझा नवरा येईलच एवढ्यात. ही चूल तो काढून टाकणार होता, मी काढू दिली नाही. हात गारठले की काम होत नाही त्याचं. बोलत नाही, पण मला कळतं."

डेल स्टुलावर बसला. त्याला सांगायचं होतं बरंच काही, कित्येक वर्षांचं, पण ते ज्याच्याकडून तिने ऐकायचं तो माणूस तिच्या लेखी अजून आलाच नव्हता. त्याने हात पुढे करून गार लोखंडावर ठेवले.

"छान पेटवलीत हो," तो म्हणाला.