रुमालामागचा आवाज

माझ्या बायकोला हे ठाऊक नाही. मुलांना नाही. ज्या मित्राबरोबर रोज संध्याकाळी देवपूरच्या पुलापर्यंत फिरायला जातो, त्यालाही नाही. मग तुम्हाला का सांगतोय? कदाचित तुम्हाला माझा आवाज ऐकू येत नाही म्हणून. कागदाला आवाज नसतो. मला आता कागदच बरा वाटतो.

पण कुठून सुरुवात करू? नानांपासून करावी लागेल.

माझे वडील बोदवडच्या स्टेशनवर हमाल होते. घराण्यात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. धुळ्याला कॉलेजात नाव घातलं तेव्हा राहायला जागा नव्हती. ओळखीच्या ओळखीतून नानांच्या घरी गेलो. त्यांनी माझी पत्र्याची पेटी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाले, "राहाय इथं. तू शिक, मोठा हो, त्यामाच बठ्ठं उनं." त्यातच सगळं आलं, बास. बीएस्सी होईपर्यंत मी त्यांच्या घरी जेवलो. भाडं नाही, खानावळ नाही. आजारी पडलो तेव्हा काकींनी उशाशी बसून पेज पाजली. हे मी समर्थन म्हणून सांगत नाही. नाना काय होते ते कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही, म्हणून सांगतो.

माझी खोली आणि नानांची देवाची खोली, यांच्या मध्ये फक्त फळ्यांची भिंत होती. पहाटे नाना पोथी वाचत. शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज यायचा. तपकिरीमुळे नाक कायमचं चोंदलेलं, त्यामुळे प्रत्येक 'म' बंद डब्यातून आल्यासारखा. ओळ संपताना आवाज खाली घसरायचा आणि शेवटच्या अक्षराला किंचित चिरायचा. मी त्या आवाजाने जागा होत असे. पुढे पदार्थविज्ञानात शिकलो की फळी किंवा कापड मध्ये आलं की आवाजाचा वरचा, टोकदार भाग अडतो आणि खालचा जाड भाग पलीकडे येतो. म्हणजे मला नाना जसे ऐकू येत, तसे ते जगात दुसऱ्या कुणालाच ऐकू येत नसत. हे लक्षात ठेवा.

शिकून मी धुळ्यातच एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर झालो आणि त्याच गल्लीत खोली घेतली. नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या प्रयोगशाळेत नवा सीआरओ आला होता — पडद्यावर आवाजाची हिरवी लाट दाखवणारं यंत्र. मी गल्लीतल्या लोकांना हौसेने सांगायचो, प्रत्येकाचा आवाज वेगळा असतो, हा पडदा तो दाखवतो. लोक कौतुकाने ऐकायचे. मला ते फार आवडायचं. आता वाटतं, तिथेच सगळं सुरू झालं.

नानांच्या शेजारी बाबूराव राहत. त्यांच्या पुष्पाचं लग्न जळगावच्या एका केळीच्या व्यापाऱ्याच्या मुलाशी ठरलं. साखरपुडा झाला, पत्रिका छापायला गेल्या. आणि त्या व्यापाऱ्याकडे, शेटजींकडे, एक निनावी फोन आला. मुलीला फिट येतात, तुमच्यापासून लपवलंय. एवढंच बोलून ठेवून दिला. पुष्पाला कधी साधी चक्करही आली नव्हती.

झालं असं, की शेटजी फोनवरचं बोलणं टेप करीत. केळीचे भाव दिल्लीच्या व्यापाऱ्याशी फोनवरच ठरायचे, गाडी भरल्यावर तो फिरला तर त्याचाच शब्द त्याला ऐकवता यावा म्हणून. त्या दिवशी फोन वाजला तसं त्यांनी सवयीने बटण दाबलं. हा निनावी फोन केळीच्या भावांमध्ये टेप झाला.

शेटजी टेप घेऊन धुळ्याला आले. बाबूरावांना म्हणाले, "फोन करणारा कुणी जळका माणूस निघाला तर ते खोटं, मी लगेच तारीख धरतो. पण माणूसच सापडला नाही, तर मग तुम्हीच सांगा, मी काय समजायचं?"

गल्लीने नाव आधीच ठरवलं होतं. शरद. कापडाच्या दुकानात गादीवर बसून साड्या दाखवायचा. विधवा आईचा एकुलता एक. त्याने पुष्पासाठी मागणी घातली होती आणि बाबूरावांनी ती परतवली होती. आणखी काय पुरावा हवा? तरी शेटजींना पुरावा हवा होता. बाबूराव म्हणाले, "आपला भास्कर आहे ना कॉलेजात. त्याच्याकडे मशीन आहे."

एका रविवारी प्रयोगशाळेत आम्ही जमलो. शेटजी, बाबूराव, शरद, मी. आणि नाना. शेजारी म्हणून, वडीलधारे म्हणून. ते नसते तरच लोकांना नवल वाटलं असतं.

मी टेप लावली.

बारीक काढलेला आवाज. शहरी, शुद्ध मराठी. रिसीव्हरवर रुमाल धरलेला. "मुलीला फिट येतात..." आणि त्या 'मुलीला'मधला 'म' — बंद डब्यातला. वाक्याच्या शेवटी आवाज घसरला आणि चिरला. मी पुन्हा पहाटेच्या माझ्या त्या खोलीत होतो. फळीपलीकडे नाना होते.

शंका नव्हती. हे मला नीट सांगितलं पाहिजे. पुढे कित्येक वर्षं मी स्वतःला सांगत आलो की मला नक्की माहीत नव्हतं. माहीत होतं. पहिल्याच वाक्याला.

आणि कारणही माहीत होतं. त्याच शेटजींनी वर्षभरापूर्वी त्याच मुलासाठी नानांची मुलगी कमल बघितली होती. चहापोहे खाल्ले आणि निरोप पाठवला, मुलगी सावळी आहे. नाना तेव्हा चकार शब्द बोलले नव्हते.

मी वर बघितलं. नाना माझ्याकडेच बघत होते. त्यांना कळलं होतं का की मला कळलंय? ते एवढंच म्हणाले, "नीट देख, भास्कर."

तेव्हा मी काय करू शकत होतो? सांगता येत होतं, की या यंत्राने माणूस ओळखता येत नाही. ते खरंच होतं. हिरवी लाट नुसती थरथरते, एकच माणूस तेच वाक्य पुन्हा बोलला तरी ती वेगळी दिसते. हे मला पुरतं ठाऊक होतं. एवढं बोललो असतो तरी नाना वाचले असते आणि शरदही. पण मग गल्लीत जे सांगत फिरलो होतो त्याचं काय? शेटजी मला 'प्रोफेसरसाहेब' म्हणत होते. हमालाच्या पोराला कुणी साहेब म्हणण्याची ती पहिलीच वेळ.

मी शरदला म्हटलं, हेच वाक्य बोल. तोंडावर रुमाल धरून, बारीक आवाजात.

त्याने खिशातून रुमाल काढला. इस्त्रीचा होता, दुकानात बसणाऱ्या माणसाचा. बाबूरावांकडे बघितलं आणि त्याचे डोळे भरले. "यांच्यासमोर कसं बोलू सर? पुष्पाबद्दल असं?"

शेटजी म्हणाले, "तेव्हा बरं बोलता आलं!"

"तेव्हा मी नव्हतो हो," तो म्हणाला. मग माझ्याकडे वळला. "सर, मशीन तर खोटं नाही ना बोलत?"

"नाही," मी म्हटलं.

"मग बोलतो."

आणि तो बोलला. मुलीला फिट येतात. मी ते टेप केलं, आणखी एकदा म्हणायला लावलं, त्याने म्हटलं. स्वच्छ, मोकळ्या नाकाचा आवाज होता त्याचा. "नीट आला का सर? अजून बोलू?" शाळेतल्या पोराने फळ्यावरचं गणित सोडवून विचारावं तसं. तो मला मदत करत होता, कळतंय का तुम्हाला? यंत्र आपल्याला सोडवेल अशी त्याची खात्री होती.

मी शेटजींची टेप पुन्हा लावली आणि पडद्यावरच्या एका उंचवट्यावर बोट ठेवलं. मग शरदची लावून तिच्या एका उंचवट्यावर ठेवलं. म्हणालो, "हे जुळतंय."

शरद पडद्याकडे बघत राहिला. माझ्याकडे नाही. पडद्याकडे. तिथे काय जुळतंय ते तो खरोखर शोधत होता.

संध्याकाळी नाना माझ्या दारात आले. आत आले नाहीत. "चाल, जेवाले चाल. तुनी काकीनी मांडा करेल शेतस." काकींनी केलेले मांडे खायला मी गेलो. जेवलो. नानांनी माझ्या पानावर स्वतःच्या हाताने तूप वाढलं. त्या दिवशी नाही आणि नाना जाईपर्यंत पुढे कधीही, आम्ही त्या टेपविषयी एक शब्द बोललो नाही.

पुष्पाचं लग्न झालं. मांडवात माझं नाव पुकारून मला टॉवेल-टोपी दिली. नाना पहिल्या ओळीत बसले होते, त्यांनीही टाळ्या वाजवल्या. पुष्पा अजून राखी पाठवते. "भाऊ, तुमच्यामुळे माझा संसार झाला," असं तिने एकदा म्हटलं होतं. आणि हो — या आधारावर मी बरीच वर्षं झोपलो आहे. एक संसार उभा राहिला ना, मग? पण तो उभा राहावा म्हणून मी बोललो नव्हतो. त्या प्रयोगशाळेत पुष्पा माझ्या मनातही नव्हती.

शरदला दुकानातून काढलं. जिथे आयाबाया मुलींचा बस्ता बांधायला येतात, तिथे मुलींची लग्नं मोडणारा माणूस गादीवर कसा ठेवणार? त्याच्या आईला हळदीकुंकवाची बोलावणी आधीही नव्हती, आता पाण्याच्या नळावरही तिच्याशी कुणी बोलेना. दोघं सुरतेला निघून गेली. ती दोघं स्टँडकडे गेली तेव्हा मी घरात होतो. कडी लावून.

पुढे माझ्या घरी फोन आला. तोवर एसटीडीचे पिवळे बूथ गल्लोगल्ली झाले होते. एका दुपारी घंटी वाजली, मी उचलला, 'हॅलो'ही म्हणालो नव्हतो.

"सर, शरद बोलतोय. सुरतेहून. ओळखला का आवाज?"

त्याच्या मागे यंत्रमागांचा खडखडाट.

"आई गेली सर, मागच्या महिन्यात. तिला वाटायचं, धुळ्यात परत जाऊन एकदा सगळ्यांना सांगावं. म्हणून विचारतो. आता नवी मशीनं आली असतील ना? पहिल्यापेक्षा चांगली? परत एकदा बघाल का? मी येतो. मी म्हणतो ते वाक्य, कितीही वेळा म्हणतो."

माझ्या खांद्यावर पंचा होता. मी तो रिसीव्हरवर धरला. ठरवून नाही केलं — हात आपोआप गेला. आवाज बारीक केला आणि म्हणालो, "राँग नंबर."

तिकडे माग वाजतच होते.

"बरं, सर," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

दोनच शब्द बोललो होतो मी. तेही पंच्याआडून.