रेडिएटरमधली नर्मदा

आमचे काकाजी रोज सकाळी माझ्या जुन्या डिझेल गाडीच्या बोनेटवर उलटा हात ठेवायचे, आजारी पोराचं कपाळ बघावं तसा. मग आमच्या खिडकीकडे पाहून सांगायचे, "आहे अजून जीव." खिडकीत मी दात घासत उभा असायचो आणि मान डोलवायचो. गाडीबद्दल माझं ज्ञान तेवढंच होतं.

काकाजी म्हणजे आमचे शेजारी, आमच्या वरच्या मजल्यावर मुलाकडे राहायचे. काकू गेल्या होत्या, नातवंडं त्यांच्या मराठीला हिंदीत उत्तर द्यायची. सारी नोकरी जबलपुरातल्या ट्रक बनवणाऱ्या कारखान्यात झालेली, त्यामुळे कॉलनीत इंजिनाच्या बाबतीत त्यांचा शब्द शेवटचा. ते तिथे रंगखात्यात होते आणि त्यांना गाडी चालवताच येत नाही, हे मला फार उशिरा कळलं. तोवर मी त्यांच्या सल्ल्याने बरंच काही करून बसलो होतो.

तसा मीही सरकारी ऑफिसातला माणूस. गाडी दुरुस्त करावी की विकून टाकावी, हा विषय मी कित्येक वर्षं विचाराधीन ठेवला होता. बायको विचारायची, काय ठरलं? मी म्हणायचो, बघू.

थंडीत डिझेल गाडी उभी राहिली की बॅटरी बसते. रोज सकाळी उठून ती चालू करायचा मला कंटाळा, म्हणून मी एक किल्ली काकाजींना देऊन टाकली. ते आंघोळ करून, मफलर गुंडाळून खाली यायचे, गाडी चालू करायचे आणि इंजिन गरम होईपर्यंत ड्रायव्हरच्या सीटवर पेपर वाचत बसायचे. इंजिन गरम व्हायला काही मिनिटं पुरतात, काकाजींचा पेपर मात्र राशिभविष्यापर्यंत चालायचा. उंची कमी, त्यामुळे सीट पार पुढे ओढलेली असायची. मी ऑफिसला जायला बसलो की गुडघे स्टिअरिंगवर आपटायचे. मी चरफडत सीट मागे ढकलायचो, दुसऱ्या दिवशी ती पुन्हा पुढे. हे भांडण आम्ही एकमेकांशी एक शब्दही न बोलता चालवलं.

एकदा मी गाडी गिअरमध्येच सोडली होती. काकाजींनी किल्ली फिरवताच तिने उडी मारली आणि आमच्या तुळशीची कुंडी आडवी केली. बायको धावत बाहेर आली. काकाजी शांतपणे उतरले, कुंडीकडे पाहिलंही नाही, बोनेटवर हात ठेवून मला म्हणाले, "पाहिलं? पिकअप आहे अजून."

मग एका रविवारी मी आणि बायको बरगीला धरण बघायला निघालो आणि वाटेतच इंजिनातून वाफा निघाल्या. गाडी ओढत परत शहरात, गोहलपुरातल्या मेकॅनिककडे आणली. त्याने रेडिएटर उघडला तर आत गाळच गाळ. "भैया, इसमें पानी कहाँ का डालते हो?" त्याने विचारलं. मला काय माहीत?

घरी येऊन काकाजींना विचारलं, तर ते खूशच झाले. दर सोमवारी ते ग्वारीघाटावरून नर्मदेच्या पाण्याचा कॅन भरून आणायचे. थोडं देवघरात, उरलेलं माझ्या रेडिएटरमध्ये. "घरात मैया असताना नळाचं पाणी काहून टाकायचं?" ते म्हणाले.

मेकॅनिकने इंजिन खोलून पूर्ण दुरुस्त करा नाहीतर विका, असं सांगितलं आणि तात्पुरती चालती करून दिली. आयुष्यात पहिल्यांदा मी एका दिवसात निर्णय घेतला. विकायची. काकाजींना सांगितलं तेव्हा ते पायऱ्यांवरच बसले.

"गाडी ठेवच असं नाही म्हणत मी," ते म्हणाले. "पण मग सकाळी मी खाली कायले उतरू?"

गिऱ्हाईकाला मी आधीच बोलावून ठेवलं होतं.

बरगीकडचा एक मासळीचा व्यापारी आला. गाडी फिरवून पाहिली, त्याला पसंत पडली. तेवढ्यात काकाजी पुढे झाले आणि रेडिएटरमध्ये कुठलं पाणी आहे ते त्याला खरंखरं सांगून मोकळे झाले. व्यापाऱ्याने चप्पल काढली, बोनेटला हात जोडले आणि मला म्हणाला, "अब इसमें मछली कैसे लादें, साहब?" मी समजावून पाहिलं की मासळीही नर्मदेतलीच असते. दोघांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी चहा सांगायला आत गेलो.

तो चहा पिऊन गेला. "मैयाच्या पाण्याबद्दल खोटं कसं बोलू?" काकाजी ओशाळून म्हणाले. मी रागावल्याचं दाखवलं. पण बायको म्हणाली, तुमचा चेहरा तर सुटल्यासारखा दिसून राहिला. तिचं खरं होतं. मी गाडी दुरुस्तीला पाठवली.

काम लांबत गेलं. काकाजी तरी रोज खाली यायचे, रिकाम्या जागेशी उभे राहून पेपर चाळायचे आणि केव्हा येणार म्हणून विचारायचे. मग त्यांच्या छातीत कफ झाला आणि त्यांना दवाखान्यात हलवलं. मी भेटायला गेलो, आणि त्यांच्या कपाळावर उलटा हात ठेवून म्हणालो, "आहे अजून जीव." काकाजी हसले. "तुले काय समजते रे?" ते म्हणाले.

खरंच मला काही समजत नव्हतं. गाडी यायच्या आधीच काकाजी गेले.

नंतर मेकॅनिक स्वतः गाडी घेऊन आला. नवीन रेडिएटर, इंजिनाचा आवाज एकदम साफ. तो धिप्पाड माणूस, त्याने सीट पार मागे सरकवली होती. मी आत बसलो. पाय हवे तसे पसरता येत होते, आणि मला फार वाईट वाटलं.

मी खाली हात घालून सीट पुढे ओढली. गुडघे स्टिअरिंगला टेकले. मग तसाच, इंजिन गरम होईपर्यंत बसून राहिलो.