वयावरून औषध

"सिस्टर, चिंच कशी दिली हो?"

चीफनी, म्हणजे आमच्या वॉर्डाच्या मोठ्या डॉक्टरांनी, हे इंग्रजीत विचारलं आणि त्यांच्यामागचे बारा विद्यार्थी हसले. चीफ विनोद करतात तेव्हा हसायचं असतं. डॉक्टरकीच्या पहिल्याच वर्षी हे शिकवत असावेत. मी खाटेच्या पायथ्याशी केसपेपर धरून उभी होते. त्यावर लाल पेन्सिलीनं लिहिलं होतं: वजन साडेएकवीस रत्तल.

"कुठे तोललंत?" त्यांना कळलं होतंच, तरी विचारलं.

"समोरच्या किराणा दुकानात, सर."

पुन्हा हशा. त्यांनी केसपेपर घेतला आणि लाल ओळीवर पेनानं रेघ मारली. "चार वर्षांचं मूल जगात कुठंही चार वर्षांचंच असतं, सिस्टर. औषध वयावरून." मग विद्यार्थ्यांकडे वळून म्हणाले, "मुलांच्या वॉर्डात बाजार भरवायचा नसतो."

दुपारपर्यंत माझं नाव पुळि सिस्टर पडलं. पुळि म्हणजे तमिळमध्ये चिंच. वॉर्डबॉयसुद्धा म्हणायला लागले.

खाटेवरची मुलगी सेल्वी. समुद्राकाठच्या कोळ्यांच्या वस्तीतली. पोट घागरीसारखं, हातपाय काटक्या, पोटात जंत. त्या काळी मद्रासच्या आमच्या इस्पितळात जंतांवर एक तेल देत. तेल जालीम. जंत मरायचे, पण मात्रा जास्त झाली तर मूलही सोडायचं नाही. कुठल्या वयाला किती थेंब याचा तक्ता भिंतीवर चौकटीत लावला होता. विलायतेहून आणलेला. त्या तक्त्यातली चार वर्षांची मुलं रोज अंडी, लोणी खात असावीत. सेल्वी पेज पीत होती, मिळाली तर.

वॉर्डात मुलं तोलायचं यंत्र होतं. पांढऱ्या इनॅमलचं, एका धनिक बाईंनी पतीच्या स्मरणार्थ दिलेलं. ते काचेच्या कपाटात असायचं आणि किल्ली चीफच्या खोलीत. वर्षातून एकदा ते बाहेर निघे, सुदृढ बालक स्पर्धेला. अधिकाऱ्यांच्या, वकिलांच्या बायका गुबगुबीत पोरं घेऊन येत. सर्वांत जड पोराला चांदीचा पेला आणि दुधाच्या भुकटीचे डबे मिळत. म्हणजे ज्याच्या घरी दूध होतंच, त्याला. दुसऱ्या दिवशी यंत्र पुसून पुन्हा कपाटात. मी दोनदा किल्ली मागितली. दोन्ही वेळा एकच उत्तर आलं: यंत्र नाजूक आहे.

म्हणून आदल्या दिवशी मी सेल्वीला उचललं आणि रस्ता ओलांडला. मागे तिची आई. दुकानदार चिंच तोलत होता. "चिकटेल हो अम्मा पोरीला," म्हणत त्यानं खांद्यावरच्या पंच्यानं पारडं पुसलं. दुसऱ्या पारड्यात वजनं टाकत गेला. सात वीसै. वीसै म्हणजे तीन रत्तलांच्या थोडं वर; चार वर्षांची पोर वर्षाच्या बाळाएवढी भरली. पारडं हललं तशी सेल्वी खुदकन हसली. आई हसली नाही.

"माझी पोर विकायला काढलीत का अम्मा?"

"औषध मापात देता यावं म्हणून," मी म्हणाले.

आणि चीफचा राउंड झाल्यावर ते औषध मी दिलं. तक्त्यातलं, चार वर्षांचं, पुरतं. आई शेजारी उभी होती. रेघ मारलेला केसपेपर तिला वाचता येत नव्हता, पण हशा तिनं ऐकला होता.

"मग तोललंत कशाला?" तिनं विचारलं.

हुकूम हुकूम असतो, असं मला शिकवलं होतं आणि मी हुशार विद्यार्थिनी होते. सेल्वीचं नाक दाबून मी चमचा आत सारला. दुपारी उलट्या. मग झटके. दिवेलागणीला संपलं. कागदावर लिहिलं गेलं: जंतांमुळे अशक्तता. अक्षर सुरेख होतं.

पोरीला घेऊन जाताना आईनं मला हात जोडले. तुम्ही खूप केलंत अम्मा, म्हणाली. बारा विद्यार्थी हसले तेव्हा माझे कान तापले होते. त्या नमस्कारानंतर मी पाठ फिरवून रिकाम्या खाटेची चादर काढायला लागले.

घरी माझ्या आईनं तंजावरी मराठीत झापलं. "तुज काय पडलं ग? मोठ्यांसमोर तोंड कशास उघडलीस?" तिला कसं सांगायचं, की उघडलं ते फारच थोडं.

आठवड्यानं तीन वर्षांचा एक मुलगा आला. तेच पोट, तेच तेल. राउंडच्या वेळी मी चमचा ट्रेमध्ये ठेवला.

"वजन झाल्याशिवाय मी देणार नाही, सर."

या वेळी कुणी हसलं नाही. चीफ हळू आवाजात म्हणाले, "तुम्ही हुकूम मोडताय."

"हो. तसं लिहा. मी सही करते."

त्यांनी लिहिलं, मी सही केली. औषध एका शिकाऊ डॉक्टरनं दिलं. मुलगा वाचला. श्रेय तक्त्याला मिळालं.

मेट्रननं खोलीत बोलावून कोरा कागद पुढं केला. "दोन ओळी माफी लिही ग पोरी. नोकरीत मीसुद्धा लिहिल्यात."

"कशाबद्दल लिहिल्यात?"

त्यांनी कागद मागे घेतला. माझी बदली धुलाईखात्यात झाली. वर्षभर मी चादरी मोजल्या, मग माणसं कमी पडली म्हणून पुन्हा मुलांत पाठवलं. दमले होते. आजही दमलेलीच आहे. धाडसी वगैरे मी कधी नव्हते.

पण एक गोष्ट मी कुणाला झाकू देणार नाही, मलाही नाही. सेल्वीला औषध चीफनी दिलं नाही. मी दिलं. हुकूम कुणाचाही असो, चमचा माझ्या हातात असतो. वजन न केलेल्या मुलाच्या तोंडाशी तो हात जाणार नाही. हवं तर पुन्हा लिहा, मी पुन्हा सही करीन.