कटाच्या आमटीची परीक्षा

माझ्या गप्पांच्या ग्रुपवर आजतागायत एकाही म्हाताऱ्याची फसवणूक झालेली नाही. ग्रुपवर म्हातारा एकच आहे, तो मी.

बायको गेल्यावर मुलाने, अभयने, मला नाशिकहून चेन्नईला आणलं. तो आणि सून भुवना सकाळी सिरुसेरीला ऑफिसात जातात, ते दिवेलागणीला उगवतात. दिवसभर घरात मी आणि पंखा. (पंखा जास्त बोलतो!) शेवटी अभयने इथल्या मराठी ज्येष्ठांसाठी फोनवर एक ग्रुप काढला आणि मला अ‍ॅडमिन केलं.

"बाबा, भामटे फार झालेत. खरं नाव, फोटो, पत्ता, काही म्हणजे काही टाकायचं नाही. या अ‍ॅपवर नंबरही दिसत नाही. सगळ्यांनी टोपणनावानेच बोलायचं."

"मग खरा कोण, खोटा कोण, हे ओळखायचं कसं?"

"ते तुम्ही बघा. अ‍ॅडमिन तुम्ही!"

उभी नोकरी सरकारी खिडकीमागे बसून लोकांना परत पाठवण्यात गेलेल्या माणसाला हे सांगायचं? माझ्या अंगात बळ संचारलं.

ग्रुपवर 'चाफा' नावाचे एक गृहस्थ होते. रोज दुपारी न चुकता विचारायचे, "जेवलांत कीं?" बाकीचे नुसती फुलं पाठवायचे. चाफा मात्र विचारायचा, आज काय केलं होतं, झोप लागली कीं नाहीं, पाय दुखतो तो बरा जाहला कीं. खरं सांगतो, मी त्या प्रश्नाची वाट बघून जेवायला उशीर करू लागलो होतो.

आणि एक दिवस डोक्यात किडा वळवळला. या जमान्यात म्हाताऱ्याला जेवलास का म्हणून फुकट कोण विचारतो? आणि हे 'जाहला' वगैरे मराठी कुठलं? नक्कीच गळ टाकून बसलाय!

मी परीक्षा काढली. प्रश्न एकच: पुरणपोळी कशाबरोबर खाता? उत्तर: कटाची आमटी. मराठी माणूस चुकणार नाही आणि भामट्याला जमणार नाही!

चाफ्याचं उत्तर आलं, "आम्ही खोबऱ्याची करतों. केळीच्या पानावर, वर तूप. आमटी कशाला?"

आमटी कशाला! पुरावाच मिळाला. मी त्याला हाकललं आणि सगळ्यांना इशारा दिला: "चाफा हा मराठी माणूस नव्हे. भामटा आहे. सावध!"

त्यावर एक बाई म्हणाल्या, "अहो, मीसुद्धा दुधाबरोबर खाते." त्यांना काढलं. "गुळवणी चालेल का?" असं एकाने विचारलं. त्यालाही काढलं! उरलेले आपण होऊन गेले.

संध्याकाळी भुवना आली ती पर्स खांद्यावर तशीच ठेवून समोर उभी राहिली.

"अय्यो बाबा, अप्पांना भामटा म्हणालात?"

अप्पा म्हणजे तिचे वडील, माझे व्याही गोपाळराव. नुंगंबाक्कमला एकटेच राहतात. पिढ्यान् पिढ्या तंजावरकडचे मराठी. लग्नाच्या बोलणीपासून आम्ही दोघं एकमेकांशी इंग्रजीतच बोलत आलो होतो.

"पण त्यांनी मला सांगायचं नाही का?"

"नाव सांगायचं नाही, हा तुमच्याच ग्रुपचा नियम!" तिचे डोळे भरले. "अप्पा म्हणायचे, व्याह्यांसमोर आपलं मराठी बोलायची लाज वाटते, हसतील ते. नाव लपवून तरी बोलतों. अम्मा गेल्यापासून मराठी बोलायला त्यांना कोण आहे?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लगेच फोन लावला. जिभेवर मराठी क्षमा तयार होती, पण पलीकडून "हॅलो, सर" ऐकलं आणि तोंडातून निघालं, "आय अ‍ॅम व्हेरी सॉरी, सर."

"नो प्रॉब्लेम, सर," गोपाळराव म्हणाले आणि फोन ठेवला. पूर्वी रविवारी यायचे, आता येत नाहीत. दुपारी मी वेळेवर जेवतो.

परवा एका अनोळखी माणसाचा फोन आला. "काका नमस्कार, बँकेतून बोलतोय. तुमच्या फोनवर ओटीपी आलाय, तेवढा सांगता का?" काय स्वच्छ मराठी! मी सवयीने विचारलं, "पुरणपोळी कशाबरोबर खाता?"

"कटाच्या आमटीबरोबर, काका. दुसरं काय?"

माझ्या परीक्षेत पास झालेला हा पहिलाच माणूस. ओटीपी काही मी दिला नाही, एवढी अक्कल आहे मला. पण 'जेवलास का' म्हणून विचारलं, आणि तो नको नको म्हणत असताना ग्रुपवर घेतलं!