ब्रेकवर पाय कुणाचा

मला माझ्या नणंदेचा हेवा वाटतो. दागिन्यांचा नाही, पार्ल्याच्या घराचा नाही. साठी उलटली तरी काळेभोर राहिलेल्या केसांचा थोडाफार वाटतो, पण तोही जाऊ दे. माझा नवरा तिचं ऐकतो, त्याचा वाटतो. ताई बोलल्या की ब्रह्मवाक्य. मी बोलले की, "बरं, बघू." आणि त्याचं ते बघणं कधी होतच नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, ते आमच्या घराकडे बघूनच कुणीतरी म्हटलं असावं.

आता ह्यात गाडी कुठून आली? तर गाडी माझी आहे, म्हणून. मी पंचेचाळिशीत लायसन्स काढलं आणि घरात बजावलं की क्लच मला जमणार नाही, ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर मी चालवीन. घेतली. तेव्हापासून मुलुंडहून घाटकोपरला ऑफिसला मीच चालवत नेते आणि आणते. नवऱ्याची उमेदवारी आणि पुढची सगळी नोकरी विक्रोळीच्या कारखान्यात यंत्रांमध्ये गेली, त्यामुळे गाडीचं पोट तो बघतो आणि गाडीचा स्वभाव मला कळतो, अशी माझी आपली समजूत होती.

होळीच्या आसपास गाडीला उचकी लागायला लागली. गिअर आपोआप बदलतो ना, त्या क्षणी गाडी किंचित अंग चोरायची आणि मग पुढे जायची. शेजारी बसलेल्याला कळणारही नाही, इतकं बारीक. पण रोज चालवणाऱ्याला कळतं. मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं.

"रस्ता खराब असेल," तो म्हणाला.

पुढच्या महिन्यात सांगितलं तर म्हणाला, "तू ब्रेक फार दाबतेस." पावसाळ्यात सांगितलं तर म्हणाला, "पावसात गाड्या कुरकुरतातच." गणपतीत मी त्याला शेजारी बसवून मुद्दाम ठाण्यापर्यंत नेलं. नेमकी त्या दिवशी गाडी अशी शहाण्यासारखी चालली की मलाच मेल्याहून मेल्यासारखं झालं. "तुझ्या मनाचे खेळ आहेत गं," असं म्हणून त्यानं सीट मागे केली आणि डोळे मिटले.

मग आली भाऊबीज. ताई ओवाळायला आल्या, जेवल्या, आणि संध्याकाळी त्यांना पार्ल्याला सोडायला आम्ही निघालो. ताई म्हणाल्या, "मी चालवते." त्यांना कोण नाही म्हणणार? तीस वर्षं त्या गाडी चालवतायत, तीही क्लचवाली. माझ्या नवऱ्याला गाडी शिकवली ती त्यांनीच, पार्ल्याच्या गल्ल्यांमधून. माझ्या गाडीला त्या नेहमी नाकं मुरडतात, "ही कसली गाडी, डाव्या पायाला कामच नाही," म्हणून. मी मागच्या सीटवर, मांडीवर फराळाचा डबा. भांडुपच्या सिग्नलवरून गाडी सुटली आणि ताई म्हणाल्या,

"अरे, हिचा गिअर अडखळतोय."

झालं! नवरा ताडकन सरळ बसला. "हो का? परत कर बरं." ताईंनी वेग कमी केला, वाढवला. "बघ, आत्ता." "अरे हो की! कमाल आहे तुझी, ताई. काय कान आहे तुझा!"

होळीपासून मी घसा कोरडा करत होते. मी मागून म्हटलं, "मी हेच सांगत होते ना?" तर तो मान न वळवता म्हणाला, "अगं, तू वेगळंच काहीतरी म्हणत होतीस. उचकी वगैरे." माझ्या अंगाचा असा तिळपापड झाला की पार्ला येईपर्यंत मी डब्यातल्या तीन चकल्या खाल्ल्या. त्या ताईंना द्यायला घेतल्या होत्या.

दुसऱ्याच दिवशी तो गाडी गॅरेजमध्ये दाखवायला घेऊन गेला. तिथल्या माणसानं सांगितलं, हा गिअरबॉक्स सीलबंद आहे, ह्यातलं तेल गाडीच्या आयुष्यभरासाठी असतं, हात लावायचं काम नाही. घरी येऊन नवऱ्यानं ताईंना फोन लावला. मला नाही, ताईंना. "ताई, सीलबंद म्हणजे काय, तर तेल मोजायची पट्टी दिलेली नाही, एवढंच. तेल ते तेल, कधीतरी थकणारच. मी घरीच बदलतो. पण एक माणूस आत बसायला लागेल, पाय ब्रेकवर ठेवून. तू येशील रविवारी?"

मी तिथंच कांदा चिरत होते. पाणी आलं डोळ्यांतून, ते सगळं कांद्याचं नव्हतं. माझी गाडी, माझा रोजचा ब्रेक, आणि पाय ठेवायला पार्ल्याहून माणूस! मी विचारलं, "मी नाही का बसू शकत?" तर म्हणाला, "अगं, इंजिन चालू असणार, मी खाली असणार. तू घाबरशील. ताईला सवय आहे." मी म्हटलं, "बरं." मूग गिळून गप्प बसायचं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी नीट समजलं.

रविवारी सेक्रेटरींना विचारून बिल्डिंगच्या खालच्या पार्किंगमध्ये काम काढलं, कारण गाडी अगदी सपाट उभी हवी, आणि आमचं आवार गटाराकडे उतरतं. जुन्या दोस्ताकडून लोखंडी स्टँड आणले होते. चारही चाकं हवेत, गाडी स्टँडवर, नवरा चटई टाकून खाली. ताई आल्या त्या चक्क पंजाबी ड्रेसला बूट घालून, कामाच्या तयारीनं. मला म्हणाल्या, "तू जरा चहा टाकतेस का गं?" टाकला. मी आणलेला चहा पीत दोघं भावंडं बोल्ट, वॉशर आणि त्यांच्या बाबांची जुनी गाडी ह्यांवर अशी गप्पांत रंगली की मी रिकामे कप घेऊन उभी आहे हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

माझ्याकडे काम होतं ते पातेल्याचं. जुनं तेल खालच्या बोल्टमधून निघालं ते माझ्या इडलीच्या पिठाच्या पातेल्यात. न विचारता घेतलं होतं! तेल लाल असतं म्हणे. हे काकवीसारखं काळं, आणि करपल्याचा वास. "आयुष्यभराचं तेल!" नवरा खालून ओरडला. जेवढं निघालं तेवढं, आणि वर थोडं जास्त, मोजून नवीन आत घालायचं; ते मोजलं मी, बाटलीवर खुणा करून. तेवढ्यापुरतं माझ्यावाचून अडलं होतं.

मग ताई ड्रायव्हरच्या सीटवर बसल्या. मी खिडकीशी टॉर्च घेऊन. आता इंजिन चालू करून, ब्रेक दाबून, गिअरचा दांडा सावकाश मागे, मध्ये, पुढे असा सगळीकडे फिरवायचा, म्हणजे नवीन तेल सगळ्या वाटांनी पोचतं. मी म्हटलं, "तू तेवढा वेळ बाहेर ये ना." म्हणाला, "ठिबकतंय का ते बघू दे. ताई आहे ना आत."

ताई आहे ना आत! मी टॉर्चचा उजेड दांड्यावर धरला.

ताईंनी दांडा रिव्हर्सला घेतला, चाकं हवेत जराशी फिरली. ठीक. न्यूट्रल, ठीक. मग ड्राइव्हला घेताना त्यांनी तेच केलं जे त्या तीस वर्षं करत आल्या होत्या. डावा पाय क्लच शोधायला खाली गेला, आणि उजवा ब्रेकवरून उठून ॲक्सिलरेटरवर पडला. पुढची दोन्ही चाकं सूं करून फिरायला लागली आणि अख्खी गाडी स्टँडवर थरथरायला लागली. खालून नवऱ्याची हाक आली, "ए! ए!" ताई बावचळल्या आणि क्लच समजून डावा पाय आणखी जोरात दाबायला लागल्या, तिथं काही नसताना. मी खिडकीतून हात घातला आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

चाकं हळूहळू थांबली. नवरा सरपटत बाहेर आला, पांढराफटक. मला वाटलं, आता बोलेल ताईंना. तो काय म्हणाला? "अगं ताई, हिला क्लच नाही गं!" आणि हसला. त्या पण हसल्या, रडवेल्या होऊन. तो त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "होतं असं. सवयीचा भाग आहे." माझ्या हातून हे झालं असतं ना, तर आमच्या नातवंडांना गोष्ट म्हणून सांगितलं असतं! तो नुकता त्या थरथरत्या गाडीखालून बाहेर आला होता, आणि तशा वेळीही मला हेच सुचलं. हेवा इतका चिवट असतो.

ताई खाली उतरल्या. मला म्हणाल्या, "तू बस गं. मला नाही जमायचं आता." त्यानं बसवलं नाही मला, त्यांनी बसवलं. तरी बसले. सीट पुढे घेतली, माझ्या मापानं. ह्या वेळी दांडा फिरवताना तो शहाण्यासारखा बाहेर उभा राहिला. पण शेवटचं काम खाली गेल्याशिवाय होत नाही. इंजिन चालू ठेवायचं, तेल चाळीस अंशांवर आलं की खालचा छोटा बोल्ट उघडायचा, जास्तीचं वाहून जाऊ द्यायचं, धार थेंबांवर आली की बंद. पट्टी नसलेल्या गाडीचं माप असं काढतात. अंश गाडीला जोडलेल्या यंत्रामुळे मोबाइलवर दिसत होते आणि मी वाचायचे होते.

तो परत चटईवर आडवा झाला. सरकायच्या आधी डोकं उचलून माझ्याकडे बघितलं. "पाय उचलू नकोस."

"नाही उचलत."

दांडा 'पार्क'वर होता, ब्रेकची तशी गरजही नव्हती. तरी मी असा दाबून धरला की पोटरीत गोळा आला. "सदतीस… अडतीस…" मी वाचत होते. माझ्या पायाखाली तो होता. ह्या सीटसाठी मी आठवडाभर जळत होते, आणि आता कधी एकदा उठते असं झालं होतं. "चाळीस!" बोल्ट उघडल्याचा आवाज, तेलाची धार, मग टप, टप. "बंद केला. कर बंद."

इंजिन मी बंद केलं, किल्ली काढून घेतली. वॉचमनच्या मदतीनं गाडी खाली उतरवली. नवरा हात पुसत आला, तोंड उजळलेलं. आणि म्हणाला,

"किल्ली दे ताईकडे. एक चक्कर मारू दे तिला. अडखळतंय का, ते तिला बरोबर कळतं."

मी त्याच्याकडे बघितलं. ताईंकडे बघितलं, त्या बिचाऱ्या मागे सरकल्या. दार उघडलं, बसले, आणि निघाले. आरशात तो हातात पोतेरं घेऊन उभा दिसला.

गल्ली, मग मोठा रस्ता, मग हायवेच्या बाजूचा रस्ता. वेग वाढवला, कमी केला, परत वाढवला. उचकी नाही. कुठंच नाही. गिअर कधी बदलला ते मलाही कळलं नाही, आणि मला कळत नाही म्हणजे कुणाला कळणार नाही. मी एकटीच गाडीत मोठ्यानं म्हटलं, "झकास!"

तेवढ्यात त्याचा फोन. मी गाडी कडेला घेतली.

"काय गं? कसा वाटतोय गिअर?"

मला विचारत होता. आवाजात काळजी होती, खरीखुरी. मी म्हटलं, "किंचित अडखळतोय अजून."

"मग तेल कमी असणार," तो लगेच म्हणाला. रस्ता नाही, ब्रेक नाही, मनाचे खेळ नाहीत. "तू ये, परत चढवू गाडी. तूच बस आत." होळीपासूनचं माझं खरं त्याला पटलं नव्हतं, आणि हे धडधडीत खोटं एका दमात पटलं. मला हसू यायला हवं होतं. डोळे भरून आले.

फोन त्यानं ठेवला नव्हता. पलीकडून त्याचा आवाज ऐकू आला, "ताई, ती सांगतेय अजून अडखळतोय. वर जाऊन जरा चहा टाकतेस का गं? परत खाली घुसावं लागणार."

सांगून टाकायला मी तोंड उघडलं होतं. "थांब रे," मी म्हटलं, "अजून एक चक्कर मारते आणि नक्की काय ते सांगते."

"चालेल," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

मी एक सोडून दोन चकरा मारल्या. ताईंना आमच्या घरात साखरेचा डबा सापडायला वेळ लागतो.