किटलीशेजारची चिप

बाईया ब्लांका शहरातल्या आमच्या प्रयोगशाळेत ओदिलिया झुबेल्दियाबाई एकोणतीस वर्षं विजेशीच भांडतायत. कमीत कमी वीज खाणारा ऑसिलेटर, म्हणजे रेडिओला लय धरून देणारं सर्किट, हे त्यांचं काम. व्होल्टेज हलवलं की लय बदलते. या वेळचा ऑसिलेटर गाय कुठे आहे ते रेडिओवरून कळवणाऱ्या गळपट्ट्यासाठी होता, आणि शेतकऱ्यांच्या संस्थेला बाईंनी शब्द दिलेला: एका बटणसेलवर पाच वर्षं.

अकरा महिन्यांनी चिप बनून आली आणि लय थरथरायला लागली. सारखी नाही, मधूनच. सुधारलेला आराखडा शुक्रवारपर्यंत पाठवायचा होता. चिपा ज्या सिलिकॉनच्या चकतीवर बनतात, त्या एकाच चकतीत सात विद्यापीठांचा वाटा, त्यामुळे कुणासाठी थांबणं नाही. तारीख चुकली की वर्ष गेलं.

तीन दिवस बाई स्वतःलाच शिव्या घालत होत्या. मोजमापं सांभाळणारा आन्सेल्मो इमानेइतबारे 'माते' नावाच्या पानांचा कडू काढा भरून द्यायचा. बाई नळीने ओढायच्या आणि भांडं परत करायच्या. काढ्याच्या गरम पाण्याचा थर्मास जो संपवेल त्याने विजेची किटली लावायची, हा आमचा नियम. बाई चिडल्या की थर्मास लवकर संपतो.

गुरुवारी किटली मी लावली. पडद्यावरची लयीची रेघ थरथरली. बंद केली, तर शांत.

"बाई, किटली..."

"पिग्वेकर, मला पाणी नको, उत्तर हवंय!" माझ्या गावावरून त्यांनी मला हेच नाव पाडलंय.

"तेच देतोय. पुन्हा लावू?"

लावली. थरथर. किटलीची वायर बरोब्बर चिपच्या टेबलाखालून गेलेली. आन्सेल्मो हसत सुटला. "झालं! किटली खिडकीत ठेवा, आराखडा आहे तसा पाठवा."

मलाही तेच वाटलं. बाई हसल्या नाहीत.

"गाय कुठे चरते रे?"

"कुरणात."

"आणि कुरणाला कुंपण कसलं?"

आन्सेल्मोचं हसू ओसरलं. विजेचं. सेकंदाला एक झटका.

"मग गायीला काय सांगू, बाई गं, तारेपासून लांब चर?"

वीज वाचवायच्या नादात लय ठरवणारी तार त्यांनीच इतकी नाजूक ठेवली होती, की शेजारून कुठलीही वीज गेली तरी ती डळमळे. शुक्रवारी दुपारपर्यंत बाईंनी तिच्यावर राखण, म्हणजे बाहेरची गडबड अडवणारं छोटं सर्किट, बसवली. राखणही वीज खाते. पाच वर्षांची तीन झाली. संस्थेला फोन करताना त्या आमच्याकडे पाठ करून उभ्या होत्या. "हो, तीनच," एवढं दोनदा ऐकू आलं.

आराखडा गेला. मी किटली हलवायला गेलो.

"हात लावू नकोस. नवी चिप तिच्या शेजारीच चालवायचीय."

मग बाईंनी थर्मास हलवून पाहिला, आणि रिकामाच माझ्याकडे सरकवला.